पाण्याजोगं अंग

सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

रुक्सू,

फोन ठेवला आणि लगेच कागद घेतला. तुझ्या मागं बोटीचं इंजिन, माझ्या मागं बसूचा टीव्ही, आणि आपण दोघी नुसत्या 'काय? काय म्हणालीस?' करत बसलो. तू लग्न होऊन मोहोळला गेलीस तेव्हापासून आपलं खरं बोलणं कागदावरच होतंय. आता राजेसाब भावजी गेले, तू लेकीकडं मालवणला राहायला गेलीस, तरी ते तसंच चालू दे.

फोनवर अर्धं राहिलं ते सांगते. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचे एक्स-रे उजेडात धरले आणि म्हणाले, "ऑपरेशन काही वर्षं लांबवता येईल. पण गुडघ्यांवर भार न देता व्यायाम पाहिजे. पोहता येतं का?" पोटचा पोरगा बसू शेजारीच बसला होता. म्हणाला, "अव्वा तलावात उतरली तर पाणी गेटाबाहेर येईल की." डॉक्टर हसले. मीही हसले. माझ्या अंगावरच्या प्रत्येक विनोदाला मी शाळेपासून सगळ्यांच्या आधी हसत आलेय, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पण त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मला माझ्या त्या हसण्याचाच लई राग आला.

दुसऱ्या दिवशी एकटीच दुकानात गेले आणि पोहण्याचा अंगभर ड्रेस मागितला. दुकानातला म्हणाला, "सूनबाईंचं माप सांगा." मी म्हणाले, "मलाच पाहिजे." एवढं माप येतच नाही म्हणाला. मग ताणलं जाणारं काळं कापड घेऊन आपल्या शिंप्याकडं गेले. तो बिचारा मान वर करेना. शेवटी मीच म्हणाले, "लाजू नका, माप नीट घ्या. ढिला झाला तर मी बुडेन."

तलावावर दुपारचा एक तास बायकांचा असतो. शिकवायला महादेवी मॅडम आहेत. तिथला मॅनेजर शिवयोगी मला बघून म्हणाला, "मावशी, काठावर बसून पाय सोडले तरी चालतंय." मी शिडी धरून सरळ आत उतरले. आत मात्र हाल झाले. मॅडम बेडकासारखे पाय मारायला शिकवतात, गुडघे दुमडायचे आणि बाहेर फेकायचे. दोनदा मारले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. तरी पुन्हा जाणार आहे. मी हरले असं घरात कुणाला दिसू द्यायचं नाही.

तू समुद्राकाठी राहतेस. पाण्याचं काही कळत असेल तर लिही.

तुझी
सिद्धी

&nbsp;

मालवण
२९ नोव्हेंबर २०२४

सिद्धे,

तुझं पत्र यास्मीनला वाचून दाखवलं. शिंप्यापाशी आलो आणि आम्ही मायलेकी इतक्या हसलो की नईम, आमचा जावई, दारात येऊन बघून गेला. तुला नाही हसलो. शिंप्याला हसलो.

पोहणं शिकवायला मी कोण? पण पोहणारे मी रोज बघते. नईमची पर्यटकांची बोट आहे, डॉल्फिन दाखवायला नेतो. सकाळच्या पहिल्या फेरीला मी पुढच्या टोकाशी बसते. माणसं 'कुठं, कुठं' करत मोबाईल फिरवत असतात. मी गप्प बसते, कारण ते दिसायच्या आधी ऐकू येतात. एकदम 'फूस्स' होतं. मग करडी पाठ वर येते. पाठीवर बैलासारखं वशिंड, त्या वशिंडावर बारका पंख. हे काही कोलांट्या मारणारे नव्हेत. वर येतात, श्वास घेतात, पाठ वाकवून खाली जातात. पाण्याला चुणी पडत नाही.

परवा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई बोटीवर होत्या. मी त्यांना सोडलंच नाही. त्या म्हणाल्या, हा मासा नाही, आपल्यासारखा दूध पाजणारा प्राणी आहे. माशाची शेपटी उभी असते, डावी-उजवीकडं हलते. ह्याची आडवी, वर-खाली हलते, आणि सगळा जोर पाठीतून, कंबरेतून येतो. ह्यांना कधीकाळी मागचे पाय होते म्हणे. ते गेले, पोटात दोन बारकी हाडं तेवढी उरली. पुढच्या पंखांत मात्र अजून आपल्यासारखी बोटांची हाडं आहेत. नाक डोक्यावर, म्हणजे श्वासासाठी तोंड वर काढायला नको. कान म्हणजे डोळ्यामागं टाचणीनं टोचल्यासारखं भोक. आईचं दूधसुद्धा पोटाखालच्या फटीत झाकलेलं. पाण्याला अडवेल असं काही बाहेर ठेवलेलंच नाही.

आणि आता नीट वाच. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. त्यानंच अंग गोल, गुळगुळीत होतं, ऊब टिकते, तरंगायला मदत होते. मी विचारलं, "बारीक झाला तर चपळ होईल का?" त्या म्हणाल्या, "बारीक डॉल्फिन म्हणजे आजारी डॉल्फिन." मला तूच आठवलीस. रागावू नको.

तर बेडूक कशाला होतेस? पाय जुळवून ठेव आणि कंबर हलवून बघ. गुडघ्यांना ह्यात बोलावूच नको.

नईमचं आणि माझं एका गोष्टीवरून वाजतं आहे, ते मागाहून लिहीन.

रुक्साना

&nbsp;

सोलापूर
१६ डिसेंबर २०२४

रुक्सू,

जमलं.

मॅडमना सांगितलं, बेडूक मला झेपत नाही, फळी द्या आणि बाजूला व्हा. फळी धरून पालथी पडले, पाय जुळवले, आणि कंबरेतून लाट काढली. पहिल्यांदा जागच्या जागी डुलले. मग पुढं सरकले. गुडघे गप्प. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा मला वाटलं कुणी तरी भिंतच माझ्याकडं आणली. मग पाठीवर पडून बघितलं. बारीक बारीक पोरी शेजारी हातपाय झाडून खाली जातात आणि मी आपली अंथरुणावर पडावं तशी पडलेली. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला पाण्यानं धरूनच ठेवलंय." जमिनीवर माझ्या अंगाचा प्रत्येक भाग मला उचलून न्यावा लागतो. पाण्यात काहीच उचलावं लागलं नाही. मी तशीच पडून आभाळाकडं बघत रडले. भिजलेल्या तोंडावर कळत नाही, ते एक बरं.

आता दुसरं. शेजारच्या गच्चीवरून कुणी तरी माझा व्हिडिओ काढला. वर हत्तीचं चित्र चिकटवून सगळ्या ग्रुपांवर फिरवला. बसूच्या मित्रांतही आला. तो दुकान अर्ध्यावर टाकून घरी आला.

"अव्वा, बास झालं आता. मला तोंड दाखवायला जागा हाय की न्हाय?"

"ज्यानं पाठवला त्याला काय बोललास?"

"त्याला काय बोलायचं?"

"मग मला कशाला बोलतोस?"

तो न जेवता गेला. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि परत घातलं. मी महादेवी मॅडमकडून तो व्हिडिओ मागून घेतला आणि नीट बघितला. खरं सांगू? मी त्यात चांगली पोहतेय.

पण आज तलावावर गेले तर शिवयोगी आडवा आला. "मावशी, थोडे दिवस येऊ नका. तलावाचं नाव खराब होतंय." मी म्हणाले, "चोरून व्हिडिओ काढणाऱ्यानं नाव खराब केलं की पोहणाऱ्या बाईनं?" तो म्हणाला, वरून सांगितलंय. मी टॉवेल अंथरला आणि गेटात बसले. बायकांचा तास संपेपर्यंत तिथंच होते. उद्याही बसणार.

सगळं घर एकीकडं झालंय. तू काय म्हणतेस ते लवकर लिही.

सिद्धी

&nbsp;

सोलापूर
१७ जानेवारी २०२५

रुक्साना,

महिना झाला. पत्र नाही, फोन केला तर यास्मीन म्हणते अम्मी झोपलीय. दुपारी झोपणारी तू नव्हेस.

व्हिडिओ तुमच्याकडंही पोचला असणार. मालवणला काय ग्रुप नाहीत? जावयाच्या घरात राहतेस, तिथं अशी मैत्रीण सांगायला नको वाटलं असेल. वाटू दे. बसूला लाज वाटते, ह्यांना वाटते, तुला वाटली म्हणून माझं काही अडत नाही. फक्त डॉल्फिनच्या चरबीबद्दल एवढं भरभरून लिहिणारी तूच होतीस, म्हणून जास्त लागलं.

काय झालं ते ऐकायचं नसलं तरी लिहिते. मी रोज गेटात बसले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी महादेवी मॅडम बाहेर आल्या आणि शिवयोगीला म्हणाल्या, "ह्या आत येणार नसतील तर मी पण शिकवत नाही." त्या माझ्याशेजारी टॉवेलावर बसल्या. मग एकेक करून बाकीच्या बायका येऊन बसल्या. आत पाणी मोकळं आणि बाहेर आम्ही कपडे घालून रांगेत. रस्त्यावरचे लोक थांबून विचारू लागले तेव्हा शिवयोगीनं गेट उघडलं. गच्चीच्या बाजूला हिरवी जाळी लावायला लावली मी. त्याला सांगितलं, ही मला झाकायला नाही, त्या मोबाईलवाल्याला झाकायला आहे.

काल सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा सगळी फिरले. कुठं बसले नाही. बसू अजून बोलत नाही.

सिद्धेश्वरी

&nbsp;

मालवण
२६ जानेवारी २०२५

सिद्धे,

अल्लाची शपथ, मला तुझी लाज वाटली नाही. व्हिडिओ आला होता. मी तो नईमच्या पुढ्यात धरून म्हणाले, "ही माझी मैत्रीण." पत्र लिहिलं नाही त्याचं कारण माझ्याकडं आहे आणि ते लिहायला मला जड जातंय.

नईमचं आणि माझं वाजत होतं ते बोट डॉल्फिनच्या किती जवळ न्यायची ह्यावरून. डिसेंबरात एक आई आणि तिचं पिलू किनाऱ्याजवळ आलं होतं. पिलू तिच्या कुशीला अगदी चिकटून चालतं. आईनं ढकललेल्या पाण्यातच त्याला ओढ मिळते, म्हणून तितकं बारकं असूनही मागं पडत नाही. त्या सकाळी नईमच्या बोटीवर फोटो काढणारी माणसं होती. "अजून जवळ, अजून जवळ." आणखी दोन बोटी आल्या. तिघांनी तीन बाजूंनी घेरलं. आई बोट आणि पिलू ह्यांच्या मधे येत राहिली. वर आली की इंजिन अंगावर, की अर्ध्या श्वासात परत खाली. ती 'फूस्स' मी इतके दिवस ऐकत होते. त्या दिवशी ती अर्धीच ऐकू येत होती. मी उठले आणि नईमचा हात इंजिनवरून ओढला. म्हणाले, "बंद कर. तिला श्वास घेऊ दे."

माणसं चिडली. त्यांनी नंतर मोबाईलवर नईमच्या बोटीबद्दल वाईट लिहिलं. घरी आल्यावर नईम शांतपणे म्हणाला, "अम्मी, हा माझा धंदा आहे. तुम्ही उद्यापासून बोटीवर येऊ नका." यास्मीन खाली बघत भाकरी थापत राहिली. तिचं तरी काय चुकलं.

तेव्हापासून मी पडवीत बसते. तिथून बोटींची गर्दी दिसते, बाकी काही दिसत नाही. तुला डॉल्फिनच्या गोष्टी लिहिणारी मी, आता काय लिहू? तू गेटात बसलीस हे वाचून ऊर भरून आला. पण मी लेकीच्या घरात राहते, सिद्धे. बसायला माझं गेट कुठलं?

रुक्साना

&nbsp;

सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

रुक्सू,

मागच्या पत्रात जे बोलले ते फाडून टाक.

मी येतेय. सतरा तारखेला सकाळी पोचेन. नईमला एवढंच सांग की सोलापूरची मैत्रीण डॉल्फिन बघायला येतेय. पाहुणीला तो नाही म्हणणार नाही, आणि पाहुणी तुझ्याशिवाय बोटीत पाय ठेवणार नाही.

बसूला सांगितलं. त्यानं तोंड वाकडं केलं. पण बसचं तिकीट त्यानंच काढून आणलं, खिडकीचं.

सिद्धी

&nbsp;

मालवण
२३ फेब्रुवारी २०२५

सिद्धे,

पोचल्याचा फोन आला तेव्हा जीव भांड्यात पडला. तू इतकी सहज बोलत होतीस की मी विचारायचं ते विसरले, म्हणून लिहिते. 

त्या सकाळी बोटीवर पुण्याच्या त्या कुटुंबानं 'जवळ घ्या' म्हणून लावून धरलं होतं. समोर तीच आई, तेच पिलू. नईमनं वेग वाढवायला हात घातला. तू माझ्या शेजारून उठून कडेला गेलीस, आणि मी वळून बघते तर तू नाहीस. धप्प आवाज आला. अंगावर लाइफजॅकेट होतं म्हणून, नाही तर मी बसूला काय तोंड दाखवलं असतं? नईमनं इंजिन तिथल्या तिथं बंद केलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं रिंग फेकली, दोनदा फेकली, तू धरेनास. नुसती पाठीवर पडून होतीस. मला वाटलं तुझी शुद्ध गेली. तुला वर घ्यायला पुण्याचे सगळे लागले.

नईम त्या दिवशी तुझ्यासमोर काही बोलला नाही. तू गेल्यावर मात्र म्हणाला, "मावशींना काही झालं असतं तर माझी बोट कायमची किनाऱ्याला लागली असती. आता तुम्हीही नको, तुमच्या मैत्रिणीही नकोत." धक्क्यावर तर हसण्याचा विषय झालाय. एक बोटवाला म्हणतो, जाड बायकांना बोटीत घ्यायचंच नाही, तोल जातो त्यांचा.

मी सगळ्यांना सांगते की ओल्या फळीवरून पाय घसरला, कुणाचाही घसरतो. तुझ्या अंगाचा त्यात काही दोष नाही. तू मनाला लावून घेऊ नको. गुडघ्यांना लागलं नाही ना?

रुक्साना

&nbsp;

सोलापूर
३ मार्च २०२५

रुक्सू,

सगळ्यांना सांगणं बंद कर. माझा पाय घसरला नव्हता.

मी आदल्या संध्याकाळीच तुझ्या पडवीत बसून विचार केला होता. नईमशी भांडून उपयोग नव्हता, ते तू करून बघितलं होतंस. पण दोन दिवस त्याला जवळून बघितलं. पायऱ्या उतरताना न सांगता माझा हात धरायचा. मला कळलं, हा माणूस वाईट नाही, फक्त गिऱ्हाईकाला नाही म्हणता येत नाही त्याला. बोटीखाली माणूस आहे म्हटल्यावर हा इंजिन चालवणार नाही, ह्याची मला खात्री होती. त्या खात्रीवर मी उतरले. बोट मंद होती, इंजिन मागं होतं, मी पुढच्या कडेवर बसले, पट्टे ओढून बघितले आणि स्वतःला सोडलं. उडी म्हणावी अशी नव्हती. पण घसरलेही नाही.

पाणी थंड होतं आणि तोंडात खारट गेलं. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. मग इंजिन थांबलं. तू वरून आरडाओरडा ऐकत होतीस. माझे कान पाण्यात होते, मला दुसरंच ऐकू आलं. आधी टिकटिक, कुणी दाण्यांची मूठ ताटात सोडावी तशी. मग बारीक शिट्टी, आणि तिला उत्तर देणारी त्याहून बारीक शिट्टी. रुक्सू, ती दोघं बोलत होती. आपण फोनवर मागच्या आवाजात 'काय, काय' करत होतो, तसंच त्या बिचाऱ्यांचं रोज होत असणार.

ती माझ्यापासून लांब होती, पण पाण्याच्या पातळीवरून दिसली. तिची पाठ कंबरेतून वाकली. मी ती हालचाल तलावात इतके दिवस करून बघितलीय, त्यामुळं डोळ्यांआधी माझ्या कंबरेनं ती ओळखली. पिलू तिच्या कुशीला होतं. ती वर आली आणि तिनं श्वास घेतला, पूर्ण, सावकाश. मग पिलानं घेतला. मग दोघं खोल पाण्याकडं गेली. रिंग दिसत होती मला. ती दोघं जाईपर्यंत मला धरायची नव्हती.

घरी आल्यावर बसूला खरं सांगितलं. त्यानं हातातला रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, "अव्वा, तू याड लागल्यासारखं करतीस." आणि ह्या वेळी तो जेवायला बसला.

जाड बाई पडली असं धक्क्यावर कुणाला म्हणू देऊ नको. जाड बाई उतरली. आणि हे पत्र नईमला वाचून दाखव, एक ओळही न गाळता. तू विचारत होतीस ना, बसायला तुझं गेट कुठलं? बोटीचं पुढचं टोक तुझं आहे.

सिद्धी

&nbsp;

मालवण
१४ मार्च २०२५

सिद्धे,

रोजे चालू आहेत. इफ्तार झाल्यावर सगळे बसलेले असताना मी तुझं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. 'हा माणूस वाईट नाही' इथं आल्यावर मी थांबले. यास्मीननं कागद घेतला आणि उरलेलं तिनं वाचलं.

नईम उठून बाहेर गेला. मला वाटलं आता इथलं आपलं संपलं, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईटही वाटलं नाही. जे म्हणायचं होतं ते त्या घरात एकदा मोठ्यानं म्हटलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझी चप्पल दारात सरळ करून उभा. "अम्मी, चला. पुढं बसा."

आता तो लांबच इंजिन बंद करतो. येतील तर येतील, नाही तर नाही. कधी येत नाहीत. माणसं कुरकुरतात, एकदा तर सगळी बोट भांडली. बाकीचे बोटवाले अजून पळतातच मागं, आणि नईमला हसतात. रात्री हिशेब करताना त्याचं तोंड उतरलेलं असतं. सगळं गोड झालंय असं तुला लिहिणार नाही.

पण काल एका माणसानं फार हट्ट धरला. आई आणि पिलू लांबवर दिसत होती. तो म्हणाला, "एवढ्या लांबून काय बघायचं? घ्या जवळ." नईमनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी उठले आणि लाइफजॅकेटची पट्टी आवळली.

नईम त्याला म्हणाला, "नाही साहेब. जवळ घेतली की ह्या बाई खाली उतरतात."

तो माणूस हसला. त्याला वाटलं गंमत आहे. मी कडेला जाऊन बसले आणि त्याच्याकडं बघत राहिले, तेव्हा तो हसायचा थांबला.

मी खरंच उतरले असते, सिद्धे.

रुक्साना